खाल्ले किती, साठवले किती

"मॅडम... तुमची पिशवी चालून राहिली."

मी दचकून वळले. उदगीरच्या बसस्टँडवर सिमेंटच्या बाकाखाली ठेवलेली माझी पिशवी खरंच वीतभर सरकली होती. आतल्या पिंजऱ्यात पाच रानउंदीर एकाच बाजूला जमले होते आणि सगळे मिळून भिंतीला धडका मारत होते.

"उंदीर आहेत," मी म्हणाले. लपवण्यात अर्थ नव्हता.

समोरचा माणूस अठ्ठावीस-तीसचा असेल. सावळा, उंच, कपाळावर भस्माची पुसट रेघ. त्याने एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"पकडून फेकायला चाललात?"

"पकडून पाळायला."

तो हसला नाही. नुसत्या भुवया वर गेल्या... आणि बराच वेळ वरच राहिल्या.

दोन हजार सोळाचा एप्रिल होता तो. लातूरला रेल्वेने पाणी येत होतं, आणि उदगीरात त्या दिवशी बंद होता. "उदगीर जिल्हा झालाच पाहिजे" अशा घोषणा चौकातून स्टँडपर्यंत ऐकू येत होत्या. एकही एस.टी. सुटणार नव्हती. शिरूर अनंतपाळच्या रानातून मी हे उंदीर पहाटे घेऊन निघाले होते. ऊन तापायच्या आत नांदेड गाठलं नाही तर पाचही जण पिंजऱ्यातच मरणार होते. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दर दोन मिनिटांनी उठत होते, चौकशीच्या खिडकीशी जात होते, बंद खिडकी पाहून परत येत होते.

"नांदेडला मी बी निघालोय," तो म्हणाला. "गाडीवर. मशीनचा पट्टा आणायचाय. मुखेड-कंधारवरनं आडरस्ता हाय, तिकडं कोणी अडवणार न्हाई."

"मी तुम्हाला ओळखत नाही."

"मी बी तुम्हाला ओळखत न्हाई. वर तुमच्याकडं पाच उंदीर हैत. भ्यायचं तर मी भ्यायला पायजे."

आता मात्र मला हसू आलं. त्याने स्टँडसमोरच्या पानवाल्याला हाक मारली. पानवाल्याने सांगितलं की हा शिवलिंग, गुरुबसप्पा बिरादारांचा मुलगा, डाळमिलवाले. मी मोटरसायकलचा नंबर मैत्रिणीला पाठवला, ओढणी तोंडाला घट्ट बांधली आणि मागे बसले. दोघांच्या मध्ये पिंजरा.

निघण्याआधी त्याने गाडीला अडकवलेल्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली. भरलेली होती. झाकण उघडून त्याने ती सगळी पिंजऱ्यावरच्या गोणपाटावर ओतली. पाण्याला वास यावा इतकं पाणी दुर्मीळ झालं होतं त्या दिवसांत... ओल्या तागाचा तो वास मला अजून आठवतो.

"तुम्हाला प्यायला?" मी विचारलं.

"मुखेडात मिळंल. ह्यांना कोण देणार मधी?"

मुखेडला उसाच्या रसाच्या गाडीपाशी थांबलो. तेव्हा कळलं, पिंजऱ्यातल्या एकाने त्याच्या शर्टाच्या पाठीला रुपयाएवढं भोक पाडलं होतं. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं! तो मात्र पाठीवर हात फिरवून भोक चाचपत म्हणाला, "आमच्या घरात चाळीस वर्षं झाली उंदीर मारायला. एकानं तरी बदला घेतला."

"मी त्यांचा अभ्यास करते," मी सांगितलं. "ते दाणे साठवतात ना बिळात... का साठवतात ते."

"भूक लागंल म्हणून."

"सगळे असंच म्हणतात. पण हॅमस्टर नावाचा एक छोटा प्राणी असतो. त्याला उपाशी ठेवलं आणि मग दाणे समोर टाकले, तर तो जास्त खात नाही."

"मग?"

"जास्त नेतो. उचलतो, बिळात ठेवतो, परत येतो. खाणं वेगळं आणि साठवणं वेगळं. मेंदूत ती हाव पेटवणारी रसायनं असतात. परदेशात हे पाहिलंय. आपल्या रानातल्या उंदराचं कुणी नीट पाहिलेलं नाही."

रसाचा ग्लास त्याच्या हातात तसाच राहिला. माझं बोलणं कुणी असं थांबून ऐकत नसे. घरी आई म्हणायची, उंदरांचं नाव जेवताना काढू नको.

कंधार आलं तेव्हा मी मान खाली घातली, ओढणी डोळ्यांपर्यंत ओढली.

"कंधारात कोण हाय?" त्याने आरशातून विचारलं.

"सगळेच," मी म्हणाले.

कंधारचा किल्ला मागे पडेपर्यंत त्याने गाडी जरा जोरात पळवली. 

* * *

तीन आठवड्यांनी तो आमच्या नांदेडच्या संशोधन केंद्राच्या दारात उभा होता. हातात पाच किलोची पिशवी. डाळ भरडून उरलेली चुनी.

"उंदरांसाठी," तो म्हणाला. "पट्टा बदलून घ्यायला आलो होतो. तोच पट्टा. ढिला निघाला."

पट्ट्याबद्दल तो खोटं बोलत होता. कान लाल झाले होते त्याचे.

मी त्याला आत नेलं. दोन खोकी होती, एक वर, एक खाली, मध्ये नागमोडी नळी. वर दाणे, खाली अंधारं बीळ. दोन दिवस उपाशी असलेला सात नंबरचा उंदीर मी वरच्या खोक्यात जाऊ दिला. दाण्यांच्या ढिगाशी येऊन तो थबकला. मिशा थरथरल्या. एक दाणा खाल्ला... आणि मग सुरू झालं. दाणा तोंडात, नळीतून खाली, पुन्हा वर. दाणा, खाली, वर. पोट रिकामं, आणि तरी खायला त्याला सवड नव्हती.

"बस की बाबा खाली," शिवलिंग कुजबुजला. "जेव आधी."

"त्याला जमत नाही. मेंदूच्या तळाशी एक इवलीशी जागा आहे, तिथून त्याला 'ने, ने' म्हणून हुकूम येतोय." मग मी पलीकडचा अकरा नंबर दाखवला. "ह्याचं पोट भरलेलं आहे. पण भुकेच्या वेळी मेंदूत जे रसायन वाढतं ना, न्यूरोपेप्टाइड वाय, त्याचा थेंबाचाही अंश नसेल एवढं ह्याला दिलंय. बघा."

भरल्या पोटाचा अकरा नंबर सात नंबरपेक्षाही जोरात धावत होता. त्याच्या बिळात ढीग झाला होता आणि तो त्याच ढिगावर चढून अजून दाणे ठेवत होता.

शिवलिंग बराच वेळ पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "बहात्तरच्या दुष्काळात आप्पा अठरा वर्षांचे होते. आज बी घरात सत्तर भांडी पाण्यानं भरून ठेवतात. शिळं होतं, ओततात, परत भरतात. अव्वा, आई माझी, बोलते त्यांना. मी बी बोलतो." तो थांबला. "आता न्हाई बोलणार."

मी त्याच्याकडे पाहिलं. काचेत त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्याशेजारी दिसत होता. मी पटकन वही उघडली आणि गरज नसताना तारीख लिहिली.

"तुम्ही काय साठवता, मॅडम?" त्याने विचारलं.

"मी? काही नाही."

"असं व्हय," तो म्हणाला. आणि गेला.

तो गेल्यावर मला दिवसभर कशात लक्ष लागेना. चहा केला, प्यायला विसरले. जिना चढले, कशाला आले ते आठवेना. मोबाईल दर पाच मिनिटांनी उघडून पाहिला. सायंकाळी त्याचा एकच निरोप आला. 'पोचलो. पट्टा चांगला हाय.'

* * *

मे महिन्यात पारा त्रेचाळीसवर गेला. उंदरांच्या खोलीतले कूलर पाण्यावर चालत आणि टँकर आता आठवड्यातून एकदा येत होता. उन्हाळी सुटी लागली तशी इमारत बंद करायचं ठरलं. माझे मार्गदर्शक शेषेराव सर भले गृहस्थ, पण तेही हताश झाले होते.

"पंचशीला, जनावरं उकाड्यानं मरतील. शनिवारपर्यंत कुठं हलवता आलं तर बघ. प्राण्यांच्या परवानगी समितीचे कागद मी बघतो. नाहीतर पुढच्या वर्षी नवीन सुरुवात कर."

नवीन सुरुवात! दोन वर्षांचं काम होतं ते. कंधारला बाबांना दर महिन्याला कुणीतरी विचारायचं, साहेबराव, पोरगी सत्तावीसची झाली, उंदरांचं कधी संपायचं? बाबा तहसीलमधून निवृत्त झालेले, घराण्यात पहिलेच शिकलेले. ते म्हणायचे, तिचं संपेल तेव्हा संपेल. त्यांना मी काय सांगणार होते?

मी शिवलिंगला फोन केला. मदत मागायला नव्हे. नुसतं सांगायला.

"आणा इकडं," तो म्हणाला.

"कुठं?"

"आमच्या गोदामात. दोन हात जाडीच्या दगडी भिंती हैत, आत माठासारखं गार. तूर आलीच न्हाई ह्या साली, मिल बंद हाय. आणि उंदीर पळून जायची बिलकुल भीती न्हाई."

"ती का?"

"उंदीर आत येऊ नये म्हणून बांधलंय ते. बाहेर बी कसा जाईल?"

टेम्पोतून चोवीस पिंजरे आणि नळीची खोकी उदगीरला गेली. गुरुबसप्पा त्या दिवसांत बसव जयंतीच्या कामात होते, मिलकडे फिरकत नव्हते. इंजेक्शनचं काम मी थांबवलं होतं. फक्त रोजची मोजणी चालू ठेवायची होती आणि मला रोज नांदेडहून येणं शक्य नव्हतं. शिवलिंगने एका दिवसात मोजायला शिकून घेतलं.

रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी निरोप यायचा.

'सात नंबर. खाल्ले ९, साठवले ६१.'

'बारा नंबर. खाल्ले १४, साठवले ४०. आज चिडलेला हाय.'

'एकोणीस नंबर. खाल्ले ११, साठवले ५८. हिचा आणि सात नंबरचा पिंजरा शेजारी ठेवलाय. एकमेकांकडं बघत बसतात. नोंद करू का?'

'करू नका,' मी लिहायचे.

'केली.'

मग एके दिवशी चोवीस नंबरांच्या खाली अजून एक ओळ आली.

'पंचवीस नंबर (मी). खाल्ले ०. कारण माहीत न्हाई.'

मी ती ओळ इतक्यांदा वाचली की मोबाईल तापला. उत्तर लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी पाठवलं, 'उपाशी प्राण्याला पाणी द्यावे.'

'पाणी द्यायला शनिवारी या,' उत्तर आलं.

त्या शनिवारी मी गेले. गोदामात गार अंधार होता, तुरीच्या जुन्या पोत्यांचा वास होता, वरच्या झरोक्यातून उजेडाची एक तिरीप येत होती. आम्ही दोघं एकाच खोक्यावर वाकून सात नंबरचे दाणे मोजत होतो. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस... त्याचं बोट आणि माझं बोट काचेवर एकाच दाण्यापाशी आलं. दोघांनीही बोट काढलं नाही.

"पंचशीला," तो म्हणाला. पहिल्यांदाच, मॅडम न म्हणता. "मला तुला एक—"

मागे दार करकरलं.

दारात पांढऱ्या धोतरातले एक उंच म्हातारे गृहस्थ उभे होते. गळ्यात लिंगायतांचा लिंग ठेवायचा करंडा. त्यांनी चोवीस पिंजऱ्यांवरून नजर फिरवली. मग खांद्यावरच्या पंच्याने कपाळ पुसलं.

"शिवलिंग," ते शांतपणे म्हणाले, "हे उंदीर माझ्या गोदामात कसे आले?"

"आप्पा, मी आणले."

"बरं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि ही कोण तुझी?"

 मला वाटलं, तो सांगेल. काय सांगेल ते मला ठाऊक नव्हतं, पण काहीतरी सांगेल...

"कोणी न्हाई, आप्पा," शिवलिंग हळू आवाजात म्हणाला. "कॉलेजातल्या मॅडम हैत."

माझं बोट अजून काचेवरच होतं. मी ते काढून घेतलं.

"नाव काय, बाळ?"

"पंचशीला. पंचशीला साहेबराव सोनकांबळे. कंधारची."

नावावरून आणि आडनावावरून जे कळायचं ते त्यांना कळलं. त्यांची मान किंचित हलली. मी आता रागावणाऱ्या, हाकलणाऱ्या शब्दांची वाट पाहू लागले. गुरुबसप्पांनी एक रिकामं पोतं झटकलं, जमिनीवर टाकलं.

"कूत्को. बस. उभी का?" आणि स्वतः दुसऱ्या पोत्यावर बसले. "काय बघता तुम्ही ह्यांच्यात?"

मी सांगितलं. भूक, साठवण, मेंदू, सगळं. विषय माझा होता. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही.

"आणि शेवटी काय करता ह्यांचं?"

हा प्रश्न शिवलिंगने मला कधी विचारला नव्हता. मीही सांगितलं नव्हतं. तो रोज सकाळी त्यांना दाणे घालत होता, नावं ठेवली नव्हती तरी स्वभाव ओळखत होता. खोटं बोलणं फार सोपं होतं. सोडून देतो रानात, एवढंच म्हणायचं.

"मारावे लागतात," मी म्हणाले. "गुंगी देऊन. मेंदूचे पातळ काप घेऊन ते रसायन कुठं, किती वाढलं ते ठिपक्यांवरून पाहायचं असतं. त्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही."

शिवलिंगने झटकन माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता.

गुरुबसप्पांनी खांद्यावरचा पंचा मांडीवर घेतला. मग म्हणाले, "आमच्या घरात किडामुंगी मारणं पाप. तरी मी चाळीस वर्षं ह्या गोदामात विष ठेवलं. घरात कोणी विचारलं तर 'औषध टाकलं' म्हणालो. विष हा शब्द कधी तोंडातून काढला न्हाई." ते उठले. "तू मारते म्हणालीस. सरळ. राहू दे तुझे उंदीर, पाऊसकाळ लागेपर्यंत."

जाताना त्यांनी मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही.

* * *

परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर नुसती तापलेली काळी रानं होती. उंदरांचा मला विसर पडला होता. 'कोणी न्हाई' एवढे दोनच शब्द बसच्या चाकांबरोबर फिरत होते. कोणी न्हाई... कोणी न्हाई... कंधारच्या पुढे वाटेत एक बाई मला म्हणाली, "पोरी, बरं नाही का?" मी म्हणाले, "ऊन लागलं."

त्याचे निरोप येत राहिले, सात वाजून दहा मिनिटांनीच. पण त्यांत आता नुसते आकडे असत. शेवटी 'मॅडम'. मीही 'नोंद मिळाली' एवढंच लिहायचे. एकदा त्याने लिहिलं, 'त्या दिवशी मी चुकलो.' मी लिहिलं, 'नोंद मिळाली.' आणि मोबाईल उशीखाली ढकलून दिला. पुन्हा काढला. पुन्हा ढकलला.

चूक त्याची एकट्याची होती का? मी तरी कुणाला काय सांगितलं होतं? आई फोनवर विचारायची, "आवाज असा का गं?" मी म्हणायचे, "काम आहे."

जूनच्या मध्यावर उकाडा उतरला, इमारत उघडली. टेम्पो घेऊन तो स्वतः आला. एकेक पिंजरा त्याने स्वतःच्या हाताने उतरवला. सगळे उतरल्यावर सात नंबरपाशी क्षणभर थांबला.

"दुखतं का ह्यांना?"

"नाही. झोपेत जातात."

"तू करतेस?"

"मीच करते. दुसऱ्यावर टाकलं असतं तर बरं वाटलं असतं तुम्हाला?"

"न्हाई," तो म्हणाला. खूप विचार करून म्हणाला. "तूच कर. तुझा हात हलका हाय."

आणि निघून गेला. चहाला सुद्धा थांबला नाही.

मी काम पूर्ण केलं. सात नंबरच्या वेळी सुई खाली ठेवली. मी बाहेर गेले, तोंड धुतलं, परत आले. दहा दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली पहिले काप पाहिले. पोटभर खाल्लेल्यांच्या मेंदूत तपकिरी ठिपके विरळ होते. उपाशी राहून धावलेल्यांच्या मेंदूत मात्र तळाशी दाट गर्दी होती, काळ्या ढगासारखी. भूक अशी दिसते! दोन वर्षांनी मी ती डोळ्यांनी पाहत होते. शेषेराव सर टाळ्या वाजवायचे बाकी होते.

मला हे एकाच माणसाला सांगायचं होतं. मोबाईल हातात घेतला. 'ठिपके दिसले' असं लिहिलं. पाठवलं नाही.

* * *

जुलैच्या पहिल्या रविवारी मी कंधारला घरी होते. बाबा ओट्यावर पेपर वाचत होते, आई भामाबाई तांदूळ निवडत होती. मी उगीच आतबाहेर करत होते. मोटरसायकलचा आवाज आला, आणि तो ओळखीचा आहे हे कळायच्या आधी माझे पाय दारात गेले होते.

शिवलिंगने गाडी उभी केली. धूळ झटकली. सरळ बाबांसमोर येऊन हात जोडले.

"जय भीम, काका. मी शिवलिंग बिरादार. उदगीरचा. डाळमिल हाय आमची."

"जय भीम," बाबा म्हणाले. चष्म्यावरून पाहत त्यांनी खुर्ची दाखवली. "उंदीर तुमच्याच गोदामात होते?"

"हाव." तो खुर्चीच्या कडेवर बसला. कपाळावर घाम होता. "काका, मला फिरवून बोलता येत न्हाई. मला पंचशीलाशी लग्न करायचंय. तिला मी अजून विचारलं न्हाई. आधी घरी सांगितलं, मग तुमच्याकडं आलो."

आईच्या हातातलं सूप थांबलं. मी दाराची चौकट धरली.

बाबांनी पेपरची घडी घातली. सावकाश. एक घडी, दोन घड्या.

"घरी काय म्हणाले?"

"आप्पा म्हणाले, त्या पोरीनं मला दोन मिनिटांत खरं सांगितलं. तुला महिना लागला. मी वाट बघून थकलो." त्याने मान वर केली. "म्हणाले, दर बसव जयंतीला आठशे वर्षांपूर्वीच्या कल्याणातल्या त्या लग्नाची गोष्ट मीच लोकांना सांगतो, ब्राह्मणाची पोरगी अन् चांभाराचा पोरगा. बसवण्णांनी लावलेलं. आता माझ्याच दारात आली तर काय तोंड फिरवू?"

"आणि आई?"

शिवलिंगने कपाळाचा घाम पुसला.

"अव्वा बोलत न्हाई. चार दिवस झाले. वाढते, पण बोलत न्हाई. बोलंल का, कधी बोलंल, मला ठाऊक न्हाई. तुम्हाला खोटं सांगणार न्हाई."

बाबांचा चेहरा कठीण झाला. मी त्यांना ओळखते. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचं बालपण उभं राहिलं होतं, दुरून ओंजळीत ओतलेलं पाणी.

"माझ्या पोरीला तुमच्या घरी कोणी ताट बाजूला मांडलं तर? मी तिला त्यासाठी शिकवलेलं नाही."

"तर आम्ही दोघं उठू ताटावरनं. लातूरला खोली बघून राहू. डाळमिलीवाचून माझं चालंल, काका." तो थांबला. पहिल्यांदा त्याने माझ्याकडे पाहिलं. "हिच्यावाचून चालतं का, ते बघितलं करून. न्हाई चालत."

 बाबा माझ्याकडे वळले.

"आणि तुझं काय गं?"

तीन महिने मी किती वाक्यं लिहून पुसली होती! आता एकही आठवेना. 

"मला ह्यांच्याशीच लग्न करायचंय, बाबा," मी म्हणाले. "आधीच सांगायला हवं होतं. भ्याले."

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. "पीएचडी आधी संपवायची," ते म्हणाले. "आणि गुरुबसप्पांना म्हणावं, मी येतो उदगीरला. मला त्यांच्याशी समोरासमोर बोलायचंय."

"मग चहा टाकू, का अजून कुणाला विचारायचं राहिलंय?" आई सूप बाजूला ठेवत म्हणाली. तिचा आवाज ओला होता.

चहा झाला. मी त्याला गाडीपर्यंत सोडायला गेले. समोर हापशावर बायकांची रांग होती, घागरी खडखडत होत्या, आणि सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळलेल्या होत्या.

"ठिपके दिसले," मी म्हणाले. एवढंच सुचलं.

"दिसणारच होते." तो गाडीला टेकून उभा राहिला. किक मारली नाही. "पंचशीला, सगळ्यांना सांगितलं. तुलाच सांगायचं राहिलं."

"मग सांग ना."

"माझं तुझ्यावर लई प्रेम हाय!" तो म्हणाला. केवढ्याने म्हणाला! हापसा थांबला.

"अरे, हळू बोल..." मी ओढणीत तोंड लपवलं. "सगळ्या बघून राहिल्यात."

"बघू दे," शिवलिंग म्हणाला. "एकदा हळू बोललो होतो. लई महागात पडलं."

रांगेतलं कुणीतरी खुदकन हसलं. मग हापसा पुन्हा सुरू झाला.